यकृताच्या कर्करोगाचा खर्च किती येईल? एस्टिमेट कसं मागायचं, कसं वाचायचं

"लिव्हरच्या गाठीचं सगळं धरून किती होतील?" बिलिंगच्या खिडकीवर हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याला उत्तरही मिळतं. घोळ तिथेच सुरू होतो. खिडकीतला माणूस सांगतो तो आकडा एका वेळच्या प्रक्रियेचा असतो, घरचे मात्र तो आजाराचा खर्च समजून चालतात. दागिने मोडून तेवढी रक्कम उभी करतात. दीड महिन्यानं स्कॅन होतो, डॉक्टर "पुन्हा एकदा करावं लागेल" म्हणतात, आणि मग उसनवारीची दुसरी फेरी सुरू होते.

हा लेख महाराष्ट्रात उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांसाठी आहे. यकृतातच सुरू होणारा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. केसपेपरवर तो 'एचसीसी' असा लिहिलेला असतो, आणि इथला सगळा हिशेब त्याचाच आहे. आतड्याचा किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग यकृतात पसरला असेल, तर त्याचे उपचार वेगळे आणि खर्चही वेगळा. म्हणून आधी खात्री करा की गाठ मूळची यकृतातलीच आहे. कोणता उपचार करायचा हे डॉक्टर ठरवतील. पैशाची तयारी कोणत्या क्रमानं करायची एवढंच इथे सांगायचं आहे.

१. आधी कागद पूर्ण करा, मग खर्च विचारा

एचसीसीचा खर्च तीन गोष्टींवर ठरतो. गाठी किती आणि केवढ्या आहेत. गाठ रक्तवाहिनीत शिरली आहे का किंवा यकृताबाहेर गेली आहे का. आणि उरलेलं यकृत किती काम करतंय. तिसरी गोष्ट घरचे हिशेबात धरतच नाहीत. बहुतेक रुग्णांना आधीपासून सिरोसिस असतो, म्हणजे यकृत कडक होऊन हळूहळू निकामी होत असतं. त्यामुळे एकाच बिलावर दोन आजार येतात, कर्करोगही आणि सिरोसिसही. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, भ्रम हे खर्च सिरोसिसचे, आणि ते तारीख सांगून येत नाहीत.

एस्टिमेट मागायला जाण्याआधी फाइलमध्ये इतकं हवं:

- ट्रिपल फेज सीटी किंवा कॉन्ट्रास्ट एमआरआय. रिपोर्ट आणि त्याची सीडी, दोन्ही.
- बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर. पोटातलं पाणी आणि भ्रम यांच्या नोंदीबरोबर यांवरून यकृत किती काम करतंय ते सांगणारा 'चाइल्ड-प्यू' गट ठरतो : ए (सर्वांत बरा), बी किंवा सी (सर्वांत वाईट).
- क्रिएटिनिन, सीबीसी (प्लेटलेटसह) आणि एएफपी.
- हिपॅटायटिस बी आणि सी यांचे रिपोर्ट.
- झालेली असेल तर एंडोस्कोपी.
- रुग्णाचं आजचं वजन. औषधाचा खर्च थेट यावर ठरतो, पुढे दिसेलच.
- आधीची सगळी डिस्चार्ज कार्डं.

इथे चुका होतात त्या अशा. गावाकडे साधा सीटी काढून लोक शहरात येतात. एचसीसी ओळखायला कॉन्ट्रास्ट देऊन ठरावीक वेळांनी घेतलेली चित्रं लागतात, ती त्या साध्या सीटीत नसतात. स्कॅन पुन्हा होतो, पैसे दोनदा जातात. दुसरी चूक, रिपोर्ट जपून ठेवायचा आणि सीडी हरवायची. दुसरं मत देणाऱ्या डॉक्टरला चित्रं बघायची असतात, रिपोर्टातली वाक्यं त्याला पुरत नाहीत. तिसरी, कुणीतरी सांगितलं म्हणून स्वतःहून पेट स्कॅन करून येणं. एचसीसीच्या बऱ्याच गाठी पेटवर नीट उजळत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय हा खर्च करू नका.

बायोप्सीचंही ऐकून ठेवा. सिरोसिस असलेल्या रुग्णात ट्रिपल फेज सीटीवर गाठीची लक्षणं ठसठशीत दिसली, तर बायोप्सीशिवाय निदान करता येतं. पण विमा कंपनीकडून किंवा योजनेकडून "बायोप्सी रिपोर्ट जोडा" अशी क्वेरी येऊ शकते. निदान स्कॅनवरून पक्कं झालं आहे आणि बायोप्सीची गरज का नाही, हे डॉक्टरांकडून लेटरहेडवर आधीच लिहून घ्या. या एका कागदानं अप्रूव्हलचे दोन-तीन दिवस वाचतात.

*तपासून पाहा :* केसपेपरवर चाइल्ड-प्यू गट आणि बीसीएलसी स्टेज (आजार किती पुढे गेला त्याची पायरी : ०, ए, बी, सी किंवा डी) लिहिलेली आहे का? नसेल तर "डॉक्टर, स्टेज लिहून देता का?" एवढं विचारा. स्टेज नसताना मिळालेल्या एस्टिमेटवर पैशाची जुळवाजुळव सुरू करू नका.

२. उपचाराची वाट कोणती, त्यावरून खर्चाचा आकार ओळखा

सगळ्यांत जास्त गल्लत इथे होते. शेजारच्या बेडवरच्या पाहुण्यांना चार लाख लागले म्हणून आपल्यालाही तेवढेच लागतील, हे गणित या आजारात चालत नाही. कुठे एकदाच मोठी रक्कम लागते, कुठे मध्यम रक्कम पुन्हा पुन्हा, कुठे दर महिन्याला. तुमची वाट कोणती ते आधी ओळखा.

*गाठ कापून काढणं.* खर्च एकदाच, पण मोठा. यात वर-खाली होतं ते आयसीयूचे दिवस, रक्ताचे घटक आणि अल्ब्युमिन यांत. यकृताचा मोठा भाग काढायचा असेल तर उरणारा भाग आधी वाढवायला 'पोर्टल व्हेन एम्बोलायझेशन' करावं लागू शकतं. ती वेगळी प्रक्रिया, वेगळं बिल आणि मध्ये काही आठवड्यांची थांबायची वेळ. शस्त्रक्रियेच्या एस्टिमेटमध्ये ती धरली आहे का, ते विचाराच.

*सुईनं गाठ जाळणं,* म्हणजे आरएफए किंवा मायक्रोवेव्ह. गाठ लहान असेल तर हा मार्ग. मुक्काम थोडा, पण बिलातला मोठा वाटा त्या सुईचा, म्हणजे प्रोबचा असतो. ती एकदाच वापरायची असते. "प्रोब पॅकेजमध्ये आहे का? दोन गाठींना दुसरी प्रोब लागली तर?" हे प्रश्न विचारल्याशिवाय पॅकेजचा आकडा अपुरा समजा.

*टेस.* मांडीच्या किंवा हाताच्या धमनीतून नळी घालून गाठीच्या रक्तवाहिनीत केमोचं औषध सोडतात आणि रक्तपुरवठा बंद करतात. एस्टिमेट सर्वांत जास्त चुकतं ते याचं, कारण टेस अनेकदा एकदाच होत नाही. साधारण चार ते सहा आठवड्यांनी स्कॅन करून गाठ किती मेली ते बघतात आणि गरज असेल तर पुन्हा करतात. टेसचेही दोन प्रकार आहेत : लिपिओडॉल हे तेलकट द्रव्य वापरून केलेली साधी टेस आणि औषध भरलेल्या मण्यांची 'डेब-टेस'. मण्यांची महाग पडते. एस्टिमेटवर नुसतं 'टेस' लिहिलं असेल तर कोणती, ते त्याच कागदावर लिहून घ्या. मायक्रोकॅथेटर (आतली अगदी बारीक नळी) धरला आहे का, तेही विचारा. नंतर ताप आणि पोटदुखी होऊन एक-दोन दिवस मुक्काम वाढणं नेहमीचंच आहे.

*टेअर किंवा वाय-९०.* किरणोत्सारी कणांचा उपचार. यात दवाखान्यात दोन वेळा जावं लागतं. आधी अँजिओग्राफी करून कण फुफ्फुसात किती निसटतील याची चाचणी होते, मग प्रत्यक्ष डोस. डोस त्या रुग्णासाठी मोजून मागवलेला असतो आणि त्याची शक्ती दिवसागणिक घटत जाते. ऐन वेळी ताप आला, बिलिरुबिन वाढलं आणि तारीख हुकली, तर त्या डोसचे पैसे कुणावर? ऑर्डर देण्याआधी हे लेखी घ्या.

*गोळ्या.* सोराफेनिबची पूर्ण मात्रा २०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रोज, महिन्याला १२०. लेनव्हॅटिनिब वजनावर ठरतं : ६० किलो किंवा जास्त असेल तर रोज १२ मिलिग्रॅम, म्हणजे ४ मिलिग्रॅमच्या तीन कॅप्सूल, ६० च्या आत असेल तर ८ मिलिग्रॅम, म्हणजे दोन. महिन्याला ९० की ६०, हे वजनकाट्यावर ठरतं. ५९ आणि ६१ किलोमध्ये एक तृतीयांश खर्चाचा फरक आहे, म्हणून वजन अंदाजे सांगू नका. दोन्ही औषधं भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकमध्ये मिळतात आणि ब्रँडगणिक किंमत खूप बदलते. २०१२ साली भारतानं सोराफेनिबसाठी सक्तीचा परवाना दिला, तेव्हा मूळ ब्रँडची महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार होती आणि परवाना मिळालेल्या कंपनीनं तेच औषध ८,८८० रुपयांत द्यायचं ठरलं होतं. आजचे भाव वेगळे आहेत, पण दुकानं फिरल्याशिवाय औषध घेऊ नये हे तेव्हाही खरं होतं, आताही आहे.

*सावधान :* स्वस्त पडतं म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेऊ नका. हातापायांची सालं निघणं, जुलाब, रक्तदाब वाढणं यामुळे पहिल्या काही आठवड्यांत मात्रा कमी होऊ शकते किंवा औषधच बदलू शकतं. पहिली खरेदी पंधरा दिवसांची, फार तर महिन्याची.

*इम्युनोथेरपी.* अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब ही जोडी दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात. वर्षाचे आठवडे ५२, म्हणजे पूर्ण वर्ष चाललं तर सुमारे १७ वेळा. अ‍ॅटेझोलिझुमॅबचा डोस सगळ्यांना सारखाच, १,२०० मिलिग्रॅम. बेव्हासिझुमॅब वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम. ६० किलोच्या रुग्णाला ९०० लागतं : ४०० च्या दोन व्हायल आणि १०० ची एक. ६५ किलोला ९७५, म्हणजे १०० च्या दोन घ्याव्या लागतात. बेव्हासिझुमॅबचे भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच, दुसऱ्या कंपनीची औषधं) मिळतात, तिथे खर्च कमी होतो. काही महागड्या औषधांवर कंपन्यांच्या 'इतके डोस घेतले तर इतके मोफत' अशा योजना असतात. त्यात नाव पहिल्या डोसाआधी घालावं लागतं. चार डोस घेऊन झाल्यावर विचारलं तर ते चार सहसा धरत नाहीत. ही जोडी सुरू करण्याआधी एंडोस्कोपी लागते, कारण अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसांतून रक्तस्राव होऊ शकतो. नसा बांधाव्या लागल्या तर तो खर्च वेगळा.

*प्रत्यारोपण.* खासगी दवाखान्यात हा सर्वांत मोठा आकडा, आणि तो दोन माणसांचा असतो. घरातला दाता असेल तर त्याच्या तपासण्या वेगळ्या; एक दाता तपासणीत नापास झाला तर दुसऱ्याच्या पुन्हा पहिल्यापासून. त्यांचे पैसे परत मिळत नाहीत. नंतर टॅक्रोलिमससारखी औषधं आणि त्यांची रक्तातली पातळी मोजण्याची तपासणी हे जन्मभराचं. पॅकेजमध्ये किती दिवसांचा मुक्काम धरला आहे आणि तो ओलांडल्यावर रोजचा दर काय, हा एकच प्रश्न विचारायला विसरलात तर लाखांचा फरक पडतो.

स्टेज डी असेल, म्हणजे यकृत फारच थकलं असेल, तर वरचे बहुतेक उपचार लागू नसतात. अशा वेळी "काहीतरी करा" म्हणून महागडी गोळी सुरू करायचा आग्रह धरू नका. दुखणं, खाज, पोटातलं पाणी यांवरच्या उपचारांचा खर्च त्या मानानं थोडा असतो आणि रुग्णाला खरा आराम त्यातूनच मिळतो.

३. पैसे कोण देणार हे अ‍ॅडमिट होण्याआधी ठरवा

क्रम महत्त्वाचा. आधी डिपॉझिट भरून मग कार्ड दाखवलं, की निम्मे मार्ग बंद होतात.

पहिलं बघायचं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. महाराष्ट्रात या दोन्ही एकत्र राबवल्या जातात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं आणि २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही योजनेत घेतलं आहे. रुग्ण ७० वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल तर उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. हेल्पलाइन १५५३८८ आणि १४५५५. पण "आमचा दवाखाना योजनेत आहे" एवढ्यावर थांबू नका. दवाखाना विशिष्ट विभागांसाठी योजनेत असतो. हाडांसाठी असेल आणि कर्करोगासाठी नसेल, तर उपयोग नाही. आरोग्यमित्राच्या (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) टेबलावर जाऊन उपचाराचं नाव सांगा आणि "हे पॅकेज या दवाखान्यात आहे का?" असं विचारा. पूर्वमंजुरी येईपर्यंत, तातडीची वेळ सोडून, प्रक्रिया होऊ देऊ नका.

दुसरं, धर्मादाय रुग्णालयं. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन थेट वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंगच्या खिडकीवर याची चौकशी करून वेळ घालवू नका. उत्पन्नाचा दाखला गावाहून काढायला दिवस जातात, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात अर्ज टाका.

तिसरं, मुख्यमंत्री सहाय्यता निधी. याला एस्टिमेट लागतंच, आणि दवाखाना खासगी असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही-शिक्का लागतो. उत्पन्नाचा दाखला १ लाख ६० हजारांच्या आतला हवा. बिल भरून झाल्यावर परतफेड म्हणून ही मदत मिळत नाही. उपचार चालू असताना किंवा त्याआधी अर्ज गेला पाहिजे.

टाटा मेमोरियलला जाणार असाल तर नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. "प्रायव्हेटमध्ये लवकर नंबर लागेल" या घाईत निवड करू नका. वर्षभराचा हिशेब करा, मग सांगा. मध्येच गट बदलून मिळेल हे गृहीत धरू नका.

हिपॅटायटिस बी किंवा सी निघाला असेल तर त्याची औषधं राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. बाहेरून विकत घेण्याआधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

४. विमा असेल तर खोलीचं गणित आधी

पॉलिसी किती लाखांची हे सगळ्यांना माहीत असतं. खोलीभाड्याची मर्यादा मात्र बिल आल्यावर कळते. बऱ्याच जुन्या पॉलिसींत रोजची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का असते. आकडे समजण्यापुरते घेऊ :

पॉलिसी ५ लाखांची, खोलीची मर्यादा ५,००० रुपये. तुम्ही घेतली ८,००० ची खोली, चार दिवस. खोलीभाडं ३२,०००, डॉक्टर-ओटी-नर्सिंग १,६०,०००, औषधं-साहित्य-तपासण्या १,२०,०००. एकूण ३,१२,०००. लोकांना वाटतं, जादा भाडं चार दिवसांचं १२,००० भरू. पण कंपनी डॉक्टर-ओटी-नर्सिंगचे पैसेही ५,००० भागिले ८,००० या प्रमाणात, म्हणजे ६२.५ टक्केच देते, उरलेले कापते. तिच्याकडून मिळतात २०,००० + १,००,००० + १,२०,००० = २,४०,०००. तुमच्या खिशातून ७२,०००. शिवाय आयसीयू सोडून रोज ५,००० च्या वर भाडं असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी. औषधं, साहित्य, तपासण्या आणि आयसीयूचं भाडं यांना ही प्रमाणशीर कपात लावायची नसते. लावली असेल तर टीपीए डेस्कवर, म्हणजे दवाखान्यात विम्याचे दावे बघतात तिथे, हरकत घ्या.

पॉलिसीत आणखी तीन ठिकाणी बोट ठेवा. इम्युनोथेरपी आणि तोंडावाटे घ्यायची केमो यांना 'आधुनिक उपचार' म्हणून संरक्षण असतं, पण त्यावर वेगळी कमाल रक्कम लावलेली असू शकते. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ किती उरला आहे तेही बघा. नव्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा. आणि दारू. दारूच्या व्यसनावरचे उपचार विम्यात धरत नाहीत, आणि सिरोसिस दिसला की क्वेरी येतेच. केसपेपर लिहिताना घाईत "क्रॉनिक अल्कोहोलिक" असं लिहिलं जातं. खरं तेच सांगा, काही लपवू नका, पण नेमकं सांगा : कधीपासून, किती, कधी सोडली. हिपॅटायटिस बी-सी, मधुमेह, चरबीचं यकृत यांचे रिपोर्ट असतील तर कारणाच्या रकान्यात तेही नोंदवायला डॉक्टरांना विनंती करा.

५. एस्टिमेट मागा, आणि कागद ओळीओळीनं वाचा

संभाषण बहुतेकदा असं होतं :

"ताई, टेसचं किती होईल?"
"पॅकेज एक लाख चाळीस, दादा."
"सगळं धरून?"
"हो, सगळं धरून. औषधं आणि कन्झ्युमेबल अ‍ॅज पर अ‍ॅक्च्युअल."

शेवटचं वाक्य ऐकलंत? टेसमध्ये नळ्या, मणी आणि औषधं हाच तर मोठा खर्च. 'अ‍ॅज पर अ‍ॅक्च्युअल' म्हणजे जितकं लागेल तितकं, वर मर्यादा नाही. अशा वेळी मागायचं ते हे : "मागच्या अशाच रुग्णांचं फायनल बिल साधारण कितीपासून कितीपर्यंत झालं?" खालचा आकडा विसरून जा, वरचा धरा.

एस्टिमेट लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवं. त्यावर रुग्णाचं नाव, निदान, प्रक्रियेचं पूर्ण नाव, खोलीचा दर्जा, मुक्कामाचे दिवस (वॉर्ड वेगळे, आयसीयू वेगळे) आणि तारीख असावी. मग पुढच्या ओळी स्वतंत्र आहेत का ते बघा : भूल, ओटी किंवा कॅथलॅब, डॉक्टरांची व्हिजिट फी, आत बोलावलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाची फी, तपासण्या, औषधं, साहित्य, रक्ताचे घटक. खोलीचा दर्जा वाढवला की बहुतेक खासगी दवाखान्यांत डॉक्टर आणि ओटीचे दरही त्या दर्जाप्रमाणे वाढतात. म्हणून दोन दर्जांचे आकडे शेजारीशेजारी मागा. महाराष्ट्रात दवाखान्यांनी ठरावीक सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. त्यावरचा दर आणि एस्टिमेटमधला दर ताडून बघा.

*अल्ब्युमिनची ओळ वेगळी विचारा.* सिरोसिसच्या रुग्णाचं बिल फुगवणारी ही बाटली. पोटातून ५ लिटरहून जास्त पाणी काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. ६ लिटर काढले तर ३६ ते ४८ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे एका वेळेला दोन ते तीन बाटल्या. पाणी दर पंधरा दिवसांनी काढावं लागत असेल तर महिन्याला चार ते सहा. दवाखान्यातल्या मेडिकलमधूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेर अमृत फार्मसी किंवा घाऊक दुकानात भाव विचारा. मात्र बिल, बॅच नंबर आणि थंड पेटी याशिवाय बाटली आणू नका.

*तपासून पाहा :* रोख रकमेची तयारी करत असाल तर थांबा. आयकर कायद्यानुसार एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख दवाखान्याला घेता येत नाही. पैसे खात्यातच ठेवा आणि कार्ड, धनादेश किंवा ऑनलाइन भरा.

६. वर्षाचा हिशेब तीन रकान्यांत मांडा

वहीचं पान उभं दुमडून तीन रकाने करा : *ठरलेला*, *पुन्हा पुन्हा येणारा*, *अचानक*. टेसच्या रुग्णाचं उदाहरण घेऊ. आकडे केवळ गणितासाठी, तुमच्या दवाखान्याचे त्या जागी भरा.

- टेस, दोन वेळा, प्रत्येकी १,४०,००० : २,८०,०००
- स्कॅन, चार, प्रत्येकी ९,००० : ३६,०००
- रक्ततपासण्या, महिन्याला २,५०० : ३०,०००
- एंडोस्कोपी, दोन, प्रत्येकी ६,००० : १२,०००
- रोजची औषधं, महिन्याला ३,५०० : ४२,०००
- प्रवास आणि मुक्काम, आठ खेपा, प्रत्येकी ४,००० : ३२,०००
- अचानक अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर, एकदा : १,००,०००

बेरीज ५,३२,०००. खिडकीवर सांगितलेला आकडा होता १,४०,०००.

तिसरा रकाना कधीही शून्य ठेवू नका. रक्ताची उलटी, पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, भ्रम, मूत्रपिंड मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर मुक्काम आयसीयूतून सुरू होतो. हे पैसे मुदत ठेवीत अडकवू नका, आणि घरातल्या दोघांना तरी ते काढता यावेत.

प्रवासाच्या ओळीत बचत होते. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्यालाही ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला तिकिटाच्या खिडकीवर द्यावा लागतो. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे रुग्ण आणि नातेवाइकांची राहायची सोय होते. जागा लवकर भरते, म्हणून निघण्याआधी फोन करा आणि रेफरल चिठ्ठी सोबत ठेवा.

७. अ‍ॅडमिट असताना आणि डिस्चार्जच्या दिवशी

अंतरिम बिल रोज संध्याकाळी मागा. शेवटच्या दिवशी चाळीस पानं हातात आली की कुणीच वाचत नाही. रोजच्या बिलात बघायचं इतकंच : व्हिजिट खरोखर झाल्या तेवढ्याच लागल्या आहेत का, परत केलेली औषधं वजा झाली का, आणि एकच तपासणी दोनदा लागली आहे का. बिल एस्टिमेटच्या तीन चतुर्थांशावर गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, अजून किती दिवस आणि काय शिल्लक आहे. विम्याच्या मंजूर रकमेतही वाढ मागायची असेल तर ती तेव्हाच, डिस्चार्जच्या सकाळी मागून उपयोग नाही.

डिस्चार्जचं अंतिम अप्रूव्हल विमा कंपनीनं तीन तासांत द्यायचं असतं. तीन तासांवर उशीर झाला आणि त्यामुळे दवाखान्यानं जादा आकार लावला, तर तो कंपनीनं सोसायचा असतो. त्यामुळे कागद किती वाजता पाठवले, ती वेळ टीपीए डेस्ककडून लिहून घ्या.

निघण्याआधी फाइलमध्ये हे आहे का बघा : डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळे रिपोर्ट आणि प्रक्रियेची सीडी, वापरलेल्या प्रोब, मणी किंवा कॅथेटरचे स्टिकर. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स त्याच दिवशी काढा, कारण मूळ कागद एकदा दाव्यासाठी गेले की पुढच्या टेसच्या वेळी दाखवायला हातात काही उरत नाही. डिस्चार्जनंतरच्या तपासण्या आणि औषधंही बऱ्याच पॉलिसींत ६० किंवा ९० दिवसांपर्यंत मिळतात, म्हणून मेडिकलची प्रत्येक पावती रुग्णाच्या नावानं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवा. पुढच्या स्कॅनची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि वहीतल्या दुसऱ्या रकान्यात तिच्यासमोर रक्कम टाका.